ब्राउझरचें बिऱ्हाड

पुण्याच्या पेठांतील वाडे सोडून कोथरूडास राहावयास आलेल्या वडील मंडळींना बिऱ्हाड हलविणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. माणसें तींच, भांडीं तींच, स्वयंपाकाची रीतहि तीच. परंतु नव्या घरांत खुंटी निराळ्या ठिकाणीं असते आणि जुनें कपाट भिंतीशीं मावत नाहीं. पहिले कांहीं दिवस पदोपदीं अडतें, आणि मग आपण घरालाच नांवें ठेवूं लागतों. संगणकावरील ब्राउझर एका कार्यप्रणालीवरून दुसरीवर नेतात, तेव्हां असाच प्रकार घडतो. सन २०२५ च्या दिवाळीच्या सुटींत आम्हांस तो प्रत्यक्ष पाहावयास मिळाला. त्याची हकीगत विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या उपयोगीं पडेल, असें वाटून येथें देत आहों.

प्रथम दोन शब्दांचे अर्थ ध्यानांत घेऊं. यंत्राची स्मृति, पडदा, कळफलक, इंटरनेटची जोडणी या सर्वांवर देखरेख करणारी जी मूळ व्यवस्था, ती कार्यप्रणालि, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज, मॅक-ओएस, लिनक्स हीं तिचींच उदाहरणें. ब्राउझर हा त्या घरांतील भाडेकरू. तो जगभरचीं पानें आणून आपणांपुढें मांडतो. परंतु पडद्यावर खिडकी उघडणें, कोणती कळ दाबली तें समजणें, फाइल जपून ठेवणें, यांसाठीं त्याला घरमालकाचें साहाय्य मागावें लागतें. प्रत्येक घरमालकाशीं बोलण्याची रीत निराळी. म्हणून ब्राउझर दुसऱ्या प्रणालीवर न्यावयाचा, तर हे सारे सांधे नव्यानें बसवावे लागतात.

हा प्रश्न वेबइतकाच जुना आहे. टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत पहिला ब्राउझर लिहिला. तो नेक्स्ट नांवाच्या संगणकावरच चाले, आणि तसले संगणक फार थोड्यांजवळ होते. तेव्हां तेथें आलेल्या निकोला पेलो या विद्यार्थिनीनें केवळ अक्षरें दाखविणारा असा एक साधा ब्राउझर लिहिला, कीं जो नाना प्रकारच्या संगणकांवर चालावा. १९९१ सालीं तो लोकांच्या हातीं आला. १९९३ सालीं मोझेक हा ब्राउझर प्रथम युनिक्सवर निघाला व त्याच वर्षीं विंडोज आणि मॅकिंटॉश यांवर आला. वेब सामान्य लोकांपर्यंत पोहोंचण्यास त्याचा मोठा हातभार लागला. गूगलचा क्रोम २००८ सालीं आरंभीं विंडोजपुरताच होता. मायक्रोसॉफ्टचा एज हा २०२१ सालीं स्थिर स्वरूपांत लिनक्सवर आला.

आतां आमची हकीगत. डहाणूकर कॉलनींतील आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरीं जुना संगणक होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ त्या यंत्रावर चढेना. नवा संगणक घेण्याजोगी घरची स्थिति नव्हती. जुना भंगारवाल्यास देऊन टाकण्याचा विचार चालला होता. मुलीचे निबंध व शाळेचे प्रकल्प मात्र सारे त्यावरच होत. आम्हीं सुचविलें, कीं लिनक्सची एक हलकी, विनामूल्य आवृत्ति त्यावर घालावी, आणि मुलीच्या सवयीचा, मूळ विंडोजवर वाढलेला ब्राउझरच तेथें बसवावा.

पहिला अनुभव निराशेचा आला. इंग्रजी पानें पूर्वीसारखींच दिसलीं. परंतु मराठी पान उघडतांच अक्षरांच्या जागीं रिकाम्या चौकटींच्या रांगा! "हा ब्राउझर इकडे नीट आणलेलाच नाहीं," असा निकाल आमच्यापैकीं एकानें देऊन टाकला, आणि खरें सांगावयाचें तर तो आम्हां सर्वांसच पटला. भंगारवाल्याचा विषय पुन्हां निघाला. तेव्हां ती मुलगी म्हणाली, "सर, हेंच पान दुसऱ्या ब्राउझरमध्यें उघडून पाहूं या का?" पाहिलें, तों तेथेंहि त्याच चौकटी. दोघेहि एकाच रीतीनें चुकत होते; अर्थात् दोष दोघांना सामाईक असलेल्या कशांत तरी असला पाहिजे.

तो कोठें होता, हें समजण्यास छापखान्याची उपमा बरी. जुन्या छापखान्यांत शिशाचे खिळे असत आणि ते ओळींत बसविणारा जुळारी असे. संगणकांत अक्षरांचे आकार ज्यांत असतात तो टंक, म्हणजेच फाँट, हे खिळे होत. कोणतें अक्षर कोणास कसें जोडावें, हें जाणणारा प्रोग्राम हा जुळारी. क्रोम, एज व फायरफॉक्स हे ब्राउझर हार्फबझ नांवाचा जुळारी आपल्याबरोबरच नेतात. हें नांव फार्सी आहे. 'एक हरफहि काढला नाहीं' असें आपण म्हणतों, त्यांतलाच हा हरफ. खिळे मात्र ते बहुधा नव्या घरचे वापरतात, आणि आमच्या त्या हलक्या आवृत्तींत देवनागरी खिळेच नव्हते! रेड हॅट या कंपनीनें २००४ सालीं सर्वांस खुला केलेला लोहित हा टंक बसवितांच दोन्ही ब्राउझरांत मराठी पान स्वच्छ उमटलें.

एकदां ठेच लागल्यामुळें आम्हीं एवढ्यावर समाधान मानलें नाहीं. मराठीची परीक्षा जोडाक्षरांत होते. 'आचार्यास वाढा' म्हटलें तर पान गुरुजींचें. 'आचाऱ्यास वाढा' म्हटलें तर तें स्वयंपाक्याचें. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरांतल्या. हे शब्द, तसेंच 'ळ' व 'ॲ' हीं अक्षरें, आम्हीं एका कागदावर लिहून घेतलीं व पडद्याशीं ताडून पाहिलीं. तीं सर्व बरोबर निघालीं. टंकलेखनास मात्र वेळ लागला. जुन्या कळफलकाची सवय सोडून इन्स्क्रिप्ट शिकावा लागला. त्यांत 'र' ज्या कळीवर आहे, तीच कळ शिफ्टसह दाबली असतां 'ऱ' येतो. दोन पानांच्या निबंधाच्या शेवटच्या चार ओळीहि तिसऱ्या पानावर गेल्या. टंक बदलला, कीं ओळी बदलावयाच्याच. हा ब्राउझरचा दोष नव्हे.

असा प्रयोग घरीं करणारांनीं आपल्या सर्व फाइलींची प्रत आधीं दुसरीकडे काढून ठेवावी. लिनक्सच्या अनेक आवृत्ति पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहतां येतात. तें केल्याशिवाय मूळ प्रणालि पुसूं नये. आणि कांहीं बिघडलें, तर एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी. ब्राउझर, टंक व कळफलक हीं तिन्ही एकदम बदललीं, तर कशानें गुण आला, हें कळणार नाहीं.

तो संगणक अद्यापि त्या घरीं आहे, आणि मुलगी आपले निबंध त्यावरच लिहिते. एका चुकीच्या निकालानें तो भंगारांत जावयाचा, तो एका प्रश्नानें वांचला. तो प्रश्न आम्हां शिक्षकांस सुचला नाहीं, विद्यार्थिनीस सुचला, हें कबूल करण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं. उलट आनंदच वाटतो.