मसुराच्या आमटीत काय असतं?

प्रश्न : मुलगी एका सत्रासाठी स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठात जाते आहे. राहणार स्थानिक कुटुंबात. ती शाकाहारी आहे, स्पॅनिश जेमतेम येतं. निभावेल ना? – एक पालक, नाशिक

उत्तर : निभावेल, पण जेवणाचं आधीच स्पष्ट बोलून घ्या. ‘मांस खात नाही’ एवढ्यावर भागत नाही. हॅमचे बारीक तुकडे अनेकांच्या लेखी मांसात मोडतच नाहीत. मसुराच्या आमटीत बहुतेकदा चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं लालभडक सॉसेज, शिजवलेलं असतं. म्हणून हॅम, चोरिसो, ट्यूना, मांसाचा रस्सा अशी नावं घेऊनच कळवा. अंडी चालत असतील तर ‘तोर्तिया’ हे बटाट्याचं जाड ऑम्लेट तिला तारून नेईल.

मुख्य जेवण दुपारी दोन-तीनला, रात्रीचं नऊनंतर. मधल्या भुकेसाठी खाऊ द्या. जेवण झाल्यावर मंडळी टेबलाशी गप्पा मारत बसतात, तिथून मात्र तिने उठू नये. व्याकरण वर्गात मिळेल. बोलणं, थट्टा, कुरबुर इथेच कानावर पडेल. सुरुवातीला निम्मं कळणार नाही, तरी बसावं. आणि तुम्ही त्या वेळी फोन करू नका! तिथले दुपारचे तीन म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात. नेमका तेव्हाच आईबाबांचा फोन जातो.

गाव सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, थंडी कडक. घरात घालायलाही स्वेटर द्या. हीटर दिवसभर चालू असेलच असं नाही.