चहाला उठलो, तिथेच चुकलो

४०,००० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हा माणूस एवढा का चिडलाय असा प्रश्न पडायला नको. ज्या दुखण्यावर हे पैसे गेले ते शेवटी बरं झालं चार स्क्रू फिरवून आणि एक प्रोग्रॅम बंद करून. दोन्हींचा खर्च शून्य.

दुखणं असं. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की मी नागपूरच्या सोनेगावहून सिम्युलेटरमध्ये एअरबस ए-३२० घेऊन दोहाला निघतो. धाकटा भाऊ तिथे असतो, त्यामुळे मार्ग ठरलेला. सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टचा, २०२० चा. उड्डाण साधारण चार तासांचं. सोनेगावच्या धावपट्टीवर सेकंदाला ४२ फ्रेम मिळायचे. बुलढाण्याच्या पुढे ३५. अरबी समुद्रावर ३०. खरं तर इथेच कान टवकारायला हवे होते. खाली नुसतं पाणी, वर रिकामं आभाळ, काढायला चित्र म्हणावं असं काही नाही, आणि फ्रेम मात्र उतरतच चाललेत. ओमान ओलांडताना २४, आणि दोहाची धावपट्टी समोर दिसली की १९.

१९ म्हणजे काय ते ज्याने उडवलं त्यालाच कळतं. ३० फ्रेमला एक चित्र ३३ मिलिसेकंद टिकतं, १९ ला ५३. जमीन तीस फुटांवर आली की तेवढा उशीरही महागात पडतो. तुम्ही जॉयस्टिक ओढता, चित्र हलत नाही, म्हणून आणखी ओढता, आणि मग दोन्ही ओढण्या एकदम लागू होतात. चार तास नीट नेलेल्या विमानाचे शेवटच्या दहा सेकंदांत धिंडवडे.

सीताबर्डीतल्या ज्या दुकानातून मशीन असेंबल करून घेतलं होतं तिथे गेलो. नाव घेत नाही. मालकाने मशीन उघडलं नाही, सुरूही केलं नाही. मी बोलत असताना त्याचं लक्ष मोबाइलमध्ये. "सर, ग्राफिक कार्ड किती जीबीचं आहे तुमचं? आठ? आठमध्ये आजकाल काय होऊन राहिलं! बदलून टाका न." मी म्हटलं, अहो, सुरुवातीला तर छान चालतं. तर म्हणे, "मग थकतं न ते."

कार्ड थकतं! हे वाक्य मी ऐकून घेतलं आणि मान डोलावली, याची लाज आजही वाटते. मायक्रोसॉफ्टच्याच फ्लाइट सिम्युलेटर एक्सपासून (एफएसएक्स), म्हणजे २००६ पासून उडवतोय मी. तो ३२ बिटांचा प्रोग्रॅम होता, ४ जीबीच्या पुढे त्याला मेमरीचा पत्ताच देता येत नसे. लांबच्या उड्डाणात मेमरी भरत भरत जायची आणि नेमकं उतरायच्या वेळी, विमानतळाचं चित्र उघडताना, 'आउट ऑफ मेमरी' म्हणून सगळं बंद पडायचं. तेव्हाच्या सगळ्या उडवणाऱ्यांनी हे भोगलंय. वेळेबरोबर बिघडत जाणारी गोष्ट म्हणजे काहीतरी साठतंय, हे मला पाठ असायला हवं होतं. पण दुकानात काउंटरच्या त्या बाजूला उभा असलेला माणूस जाणता आणि या बाजूचा अडाणी, असं आपणच धरून चालतो.

शिवाय त्याच्या म्हणण्याला बळ दिलं ते मीच. जाण्याआधी घरी एक परीक्षा केली होती. दोहाला उतरून, १९ फ्रेमवर, सिम्युलेटर बंद केला. चहा करून घेतला, गच्चीवर जाऊन प्यालो, वीस मिनिटांनी परत येऊन दोहाच्याच विमानतळावर नव्याने सुरू केला. ४० फ्रेम! म्हणजे देखावा जड नाही, एवढं सिद्ध झालं. पण पुढे मी म्हटलं की मशीन निवलं म्हणून सुधारलं. दुकानदार म्हणाला, "तेच तर सांगून राहिलो, कार्ड गरम होते." दोघांनाही हे सुचलं नाही, की त्या वीस मिनिटांत दोन गोष्टी झाल्या होत्या. मशीन निवलं होतं आणि मेमरीही रिकामी झाली होती. यातलं औषध कोणतं ठरलं ते कळायला मार्गच नव्हता. चहाला उठलो नसतो तर ४०,००० वाचले असते.

नवं कार्ड १२ जीबीचं, ५४,००० ला. जुनं त्याने १४,००० ला "तुमच्यासाठी म्हणून" घेतलं. आठवड्याने तेच कार्ड त्याच्या काचेत २३,००० ची चिठ्ठी लावून बसलेलं पाहिलं. कोपऱ्यावरचा ओरखडा माझ्याच हातचा होता, ओळखायला वेळ लागला नाही.

पहिल्या शनिवारी सोनेगावला ५१ फ्रेम. मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवले. मध्यरात्रीनंतर दोहा: १९. वीसही नाही, अठराही नाही. तोच आकडा. फोन केला तर पलीकडून शांतपणे, "मग आता प्रोसेसर बघावा लागेल, सर."

त्यानंतर मी त्या दुकानाची पायरी चढलो ती फक्त एकदा. ते शेवटी सांगतो.

मे महिना. ४५ अंशांचा नागपूरचा उन्हाळा. खोलीत कूलर लावलेला, तरी हवा कोमट. संध्याकाळी दिवा लावून आई उदबत्ती घरभर फिरवते, ती माझ्या टेबलाशी आली. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीसमोर उदबत्ती आली आणि धूर तिच्या तोंडावर गेला. आई ठसकली, म्हणाली, "तुझ्या डब्यातून वारा येतो रे." मी तिथल्या तिथे उठलो. पुढच्या पंख्याने हवा आत ओढायची असते आणि मागच्याने बाहेर टाकायची. उदबत्ती मागे धरली, तिथेही धूर बाहेर. पुढचा पंखा उलटा बसवलेला होता. दोन्ही पंखे हवा बाहेर फेकत होते आणि आतला प्रोसेसर दोन वर्षं श्वास कोंडून काम करत होता. पंखा बसवला कोणी? कार्ड थकतं म्हणणाऱ्याने.

पंख्याची दिशा ओळखायला उदबत्तीही लागत नाही. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. चार स्क्रू काढले, पंखा फिरवला, चार स्क्रू लावले. एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात प्रोसेसरचं तापमान आधी ९८-९९ दिसत होतं. इंटेलच्या १२व्या पिढीचा प्रोसेसर १०० अंशांजवळ गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तोच प्रकार चालू होता. पंखा फिरवल्यावर ८४. त्या शनिवारी दोहाला २७ फ्रेम मिळाले.

१९ चे २७. आनंद झाला, पण दुखणं अर्धंच गेलं होतं. आता चहाशिवाय परीक्षा केली. २७ वर सिम्युलेटर बंद, लगेच सुरू, खुर्चीवरून न उठता. दोहाला ४५. मशीन तेवढंच तापलेलं होतं, तरी फ्रेम परत आले. म्हणजे उष्णतेचा हिशेब संपला होता, उरलेलं सगळं साठण्याचं होतं.

सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमध्ये फ्रेमचा तक्ता दिसतो. तो पहिल्या दिवशीच उघडायला हवा होता. त्यात 'मेन थ्रेड', म्हणजे प्रोसेसरवरचं मुख्य काम, किती मिलिसेकंद घेतोय आणि ग्राफिक कार्ड किती, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. माझं नवं कार्ड निघताना १४ मिलिसेकंद घेत होतं, ओमानवरही १४. मेन थ्रेड मात्र २० वरून ३७ वर. ५४,००० चं कार्ड हातावर हात ठेवून प्रोसेसरची वाट पाहत बसलं होतं. हा तक्ता उघडायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा दुकानात त्याचं नाव कोणी काढत नाही.

साठवत कोण होतं? आकाशात इतर विमानं सोडणारा एक प्रोग्रॅम मी विकत घेतला होता. ओमानवर असताना तो मध्येच बंद करून पाहिला. सिमकनेक्टमधून, म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅम सिम्युलेटरला जोडणाऱ्या दुव्यातून, सोडलेली विमानं तो प्रोग्रॅम तुटला की निघून जातात. मिनिटाभरात २७ चे ४१ झाले. नागपूरपासून मागे टाकलेली विमानं तो काढतच नव्हता. माझ्या मागे शेकडो किलोमीटरवर ती उडत होती आणि प्रत्येकाचा हिशेब माझा प्रोसेसर करत होता.

विकणाऱ्याला सविस्तर लिहिलं, आकडे दिले. उत्तर आलं, "कृपया आपल्या संगणकाची क्षमता तपासा." आलेख पाठवला, त्यावर उत्तरच नाही. दोन महिन्यांनी नवी आवृत्ती आली, सुधारणांच्या यादीत सातव्या ओळीत: लांबच्या उड्डाणात विमानं न हटण्याची चूक दुरुस्त केली. ती ओळ मी छापून टेबलावर चिकटवली आहे.

आता ज्यांना हाच त्रास आहे त्यांच्यासाठी.

कमी फ्रेम आणि कमी होत जाणारे फ्रेम हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यावर सेटिंग आणि कार्ड हे औषध असू शकतं, दुसऱ्यावर सहसा नाही. दर पंधरा मिनिटांनी फ्रेमचा आकडा वहीत लिहा आणि उतरण कशी आहे ते बघा. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात घसरून मग तिथेच स्थिर राहिले तर उष्णता. थांबायचं नावच न घेता तासागणिक उतरत राहिले तर साठणं. अचानक, एखाद्या मोठ्या विमानतळाजवळ, झटके देत कोसळले तर कार्डाची मेमरी भरली. मला एकाच वेळी पहिले दोन होते, म्हणून मी फसलो.

दुकानदाराच्या बाजूने एक गोष्ट मनावर दगड ठेवून कबूल करतो. ८ जीबी भरतात. ४०९६ गुणिले ४०९६ चं एक टेक्स्चर दाबून बसवलं तरी १६ एमबी घेतं, आणि एका विमानाला अशी कितीतरी लागतात. भरल्यावर उरलेलं रॅममध्ये जातं. माझ्या जुन्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी देत होती, रॅमकडून येणारा रस्ता जेमतेम ३२. पण हे तपासता येतं! टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर 'डेडिकेटेड' काठोकाठ आणि 'शेअर्ड' वर चढतेय असं दिसलं तर टेक्स्चर एक पायरी खाली आणा, आधी हे करा, मग दुकानात जा. माझं डेडिकेटेड कधी साडेसहाच्या वर गेलंच नव्हतं. त्याने विचारलं नाही, मी पाहिलं नाही.

साठवणारा सापडत नसेल तर अर्धे-अर्धे करा. सिम्युलेटरच्या कम्युनिटी फोल्डरमधली, म्हणजे बाहेरून आणून जोडलेली, निम्मी भर बाहेर काढून ठेवा, रात्री ऑटोपायलटवर सोडून झोपा, सकाळी आकडा बघा. विमान दोहाच्या पुढे कुठेही जाईना का. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये 'कमिट साइझ' हा रकाना जोडून घ्या. जो प्रोग्रॅम चढतो आणि कधीच उतरत नाही तो तुमचा चोर. एका वेळी एकच गोष्ट बदला. एका रात्रीत तीन बदलाल तर माझ्या चहासारखं होईल.

बाकी नेहमीचंच. धूळ साफ करा. कूलर लावत असाल तर त्याचा ओला वारा थेट कॅबिनेटवर घेऊ नका, ओलाव्यावर धूळ घट्ट बसते. ब्राउझरच्या पंचवीस खिडक्या बंद करा. रॅम १६ जीबी असेल तर ३२ चा विचार करा, हा खर्च सहसा वाया जात नाही. आणि मशीन न उघडता निदान करणाऱ्याला पैसे देऊ नका, मग तो कोणीही असो.

दुकानात शेवटचं गेलो ते पंख्याचा फोटो दाखवायला. त्याने मोबाइलवरची नजर वर करून पाहिलं आणि म्हणाला, "पण हवा तर जाऊन राहिली होती न सर, जिकडे जायची तिकडे." सॉरी नाही, काही नाही. वर म्हणे नवं कार्ड काढायचं असेल तर ३०,००० ला घेतो.

गेल्या शनिवारी दोहाला ४४ फ्रेम होते. धावपट्टी पाण्यासारखी सरळ, स्वच्छ समोर येत होती. तरी मी चाकं आपटलीच, मिनिटाला ६०० फुटांच्या वेगाने. भावाला व्हिडिओ पाठवला. त्याने विचारलं, "आता कोणाला दोष देणार?" उत्तर सुचेना, म्हणून चहाला उठलो.