निरोप पुढें धाडण्यापूर्वीं

मुलांस इंटरनेटचा उपयोग शिकविण्याची गोष्ट निघाली म्हणजे पालकांच्या मनांत प्रथम परक्या माणसांचें भय उभें राहतें. तें भय खोटें नाहीं. घरचा पत्ता अनोळखी माणसास देऊं नये. पासवर्ड व ओटीपी जिवलग मित्रासही सांगूं नये. कोणी धमकावूं लागल्यास तें न लपवितां वडील माणसांच्या कानीं घालावें. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें, इतकें प्रत्येक मुलास पाठ असलें पाहिजे. परंतु दुसऱ्याकडून आपणांस जसा अपाय होतो तसाच आपल्या हातून दुसऱ्यासही होतो, आणि त्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. आम्हांस येथें त्याविषयींच लिहावयाचें आहे.

धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा नांवाचें गांव आहे. १ जुलै २०१८ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, तेथें पांच पुरुष आले होते. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. गांवोगांव फिरून भिक्षा मागणें हा त्यांचा पिढीजात क्रम. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून त्या मुलखांत आधींच पसरली होती. त्यांच्यापैकीं एक जण एका लहान मुलीशीं बोलतांना दिसला, एवढेंच निमित्त झालें. जमावानें त्यांस ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून मरेपर्यंत मारलें. त्यांनीं कोणाचेंही मूल पळविलें नव्हतें.

त्याच सुमारास देशभर एक लहानसें चलच्चित्र फिरत होतें. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावरील एका मुलास उचलतात आणि निघून जातात. कोणाही आईच्या काळजाचें पाणी व्हावें असें तें दृश्य. वास्तविक तें मुलांच्या सुरक्षिततेविषयीं लोकांस सावध करण्याकरितां कराचींतील 'रोशनी' या संस्थेसाठीं तयार झालेलें होतें. मुळांत तीं माणसें मुलास लागलीच परत आणून सोडतात व सूचनेचा फलक दाखवितात. शेवटचा तेवढा तुकडा कोणीतरी कापून टाकिला. कापणारा एक असेल. पण तें दूरवर नेणारे कोणी गुन्हेगार नव्हते. 'आपल्या लेकरांना जपा' असें म्हणत कळकळीनें पुढें धाडणारे ते काका, मामा आणि शेजारी होते. खोटें बोलण्याची इच्छा नसतांही खोटें पसरवितां येतें, हें मुलांस याच उदाहरणावरून उत्तम समजेल.

जुलै २०१८ मध्येंच व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं धाडण्यास बंदी घालण्याचें जाहीर केलें. उपाय बरा, परंतु प्रत्येकानें नव्या पांच जणांस धाडिलें तर पांचव्या फेरीस ३१२५ माणसें होतात, हें गणित सातवींतील मुलगाही करील.

मग शिकवावें कसें? वर्गांत आलेला एखादा निरोप फळ्यावर लिहावा व मुलांसच प्रश्न काढूं द्यावे. हें कोणीं लिहिलें? गांव कोणतें? तारीख कोठें आहे? ज्यानें धाडिलें त्यानें स्वतः पाहिलें काय? छायाचित्र असेल तर त्यावरून गूगलवर शोध घेतां येतो, आणि तेंच चित्र पूर्वीं दुसऱ्याच देशांतील म्हणून छापलेलें कधीं कधीं सांपडतें. ज्या निरोपांत 'ताबडतोब' हा शब्द तीनदां येतो तो निदान उद्यांपर्यंत तरी ठेवून द्यावा, असें आमचें मत आहे.

वर्गमैत्रिणीचें विचित्र छायाचित्र गटांत टाकून हंसणें हा याच दोषाचा धाकटा भाऊ होय. मागाहून तें आपल्या मोबाइलमधून पुसलें तरी इतरांजवळ गेलेली प्रत कोण परत आणणार? आणि शाळेंत रोज यावयाचें असतें तें त्या मुलीला.

पालकांस एक विनंती आहे. "बाबा, हें खरें कशावरून?" असें मुलानें विचारलें तर त्यास उद्धट म्हणूं नये, त्याला जवळ बसवून दोघांनीं मिळून शोध घ्यावा. निरोप खोटा ठरल्यास तो धाडणाऱ्यास एकांतीं, सौम्य शब्दांत कळवावें. चारचौघांत पाणउतारा झालेला मनुष्य पुढील वेळीं ऐकत नाहीं. विशेषतः ते मुलाचे आजोबा असतील तर.