डासाला सुट्टी नसते

आमच्या गोतावळ्याची सहल ठरली की आधी खाती वाटली जातात. हिशेब दिरांकडे, खाण्यापिण्याचं जावेकडे आणि डास माझ्याकडे. पोरं मला उघडउघड ‘डासमंत्री’ म्हणतात. हे खातं कुणी हौसेने मागत नाही, त्यामुळे ते बरीच वर्षं माझ्याकडेच राहिलं आहे.

या काळात एक गोष्ट पक्की कळली. घरी असताना आपण डासांचा बंदोबस्त सवयीनेच करत असतो. खिडक्यांना जाळ्या असतात, संध्याकाळी दारं लागतात, डोक्यावर पंखा असतो. सहलीला गेलं की नेमकं हेच सगळं सुटतं, कारण सुट्टीची मजाच त्यात असते: उघडी खिडकी, अंगणातल्या गप्पा, हाफ पँट, अनवाणी पाय. डासालाही तेच हवं असतं. म्हणून मजा न घालवता नेमकं काय आणि केव्हा सांभाळायचं, एवढ्यापुरते हे अनुभवाचे बोल.

१. आधी डासाचं वेळापत्रक समजून घ्या

‘दिवसा कुठे चावतात डास?’ असं म्हणणारं एक तरी माणूस प्रत्येक सहलीत असतं. डेंग्यू, चिकनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस दिवसाच चावतो. काळ्या पायांवर पांढरे पट्टे असलेला तो हाच. सूर्य उगवल्यानंतरचे आणि मावळण्याआधीचे दोनेक तास त्याचे खास. मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत फिरतो, आणि कानाशी गुणगुणून झोप उडवणारा क्युलेक्सही रात्रीचाच.

कोकणातल्या नारळी-पोफळीच्या वाडीत हे लगेच लक्षात येतं. नारळाच्या करवंट्या, सुपारीच्या गळून पडलेल्या विऱ्या, टाकून दिलेला एखादा टायर, यांत वाटीभर पाणी साचलं तरी एडिसला अंडी घालायला पुरतं. त्यामुळे डास पळवणारं मलम फक्त रात्रीसाठी नाही. सकाळी चहाचा कप घेऊन वाडीत फेरी मारायची असेल तर आधी पायांना लावायचं, मग कप उचलायचा. दुपारी माडाखाली डुलकी काढणाऱ्यांनाही हाच नियम.

२. जागा पाहून तयारी करा

हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प पाहायला जाणारी मराठी कुटुंबं पुष्कळ. पण हेमलकसा ज्या गडचिरोलीत आहे, तिथे मलेरिया बराच आढळतो, आणि त्यात फाल्सिपेरम हा घातक प्रकारही असतो. तिकडे जाताना मच्छरदाणी ‘असली तर बरं’ या यादीत नको, पहिल्या क्रमांकावर हवी. मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या लागतील का, हेही डॉक्टरांना निघायच्या पुरेसं आधी विचारावं. त्या प्रवासाआधी सुरू होतात आणि परतल्यावरही काही काळ घ्याव्या लागतात.

केनियाला मसाई माराच्या सफारीवर जाणाऱ्यांना पीतज्वराची लस लागते. ती निघण्याच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. प्रमाणपत्राशिवाय परतलात तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात राहायची वेळ येऊ शकते.

अंदमानच्या किनाऱ्यांवर डासांपेक्षा बारीक वाळूमाशा जास्त छळतात. नेहमीच्या मच्छरदाणीच्या भोकांतून त्या सहज आत येतात. तिथे उघड्या अंगाने वाळूत लोळायचं नाही. चटई अंथरायची, पाय झाकायचे आणि ऊन उतरलं की किनारा सोडायचा.

घरात कुणी गरोदर असेल तर मात्र ठिकाण ठरवण्याआधीच डॉक्टरांशी बोला. झिका ही दूरदेशीची बातमी राहिलेली नाही. २०२१ साली तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला आणि २०२४ साली पुण्यात.

३. खोलीत शिरलात की आधी बाथरूम

सगळे समुद्र दिसतो का ते बघायला गॅलरीत धावतात, मी मोबाइलचा टॉर्च लावून बाथरूममध्ये जाते. जुन्या घरांत तिथे सिमेंटचा हौद असतो, नाहीतर कोपऱ्यात भरून ठेवलेलं पिंप. उजेड आडवा धरून पाण्याकडे एक मिनिट बघत राहायचं. अळ्या असतील तर पाण्याच्या वरच्या थराला लागून बारीक वळवळ दिसते. हाताची सावली पडली की स्वल्पविरामासारखे कोष गिरक्या घेत तळाला जातात आणि श्वास घ्यायला थोड्याच वेळात परत वर येतात. अळी पाण्याला समांतर, आडवी पडलेली दिसली तर ती अ‍ॅनोफिलिसची. डोकं खाली करून तिरकी लोंबत असली तर एडिसची किंवा क्युलेक्सची.

मग यजमानांशी बोलायचं, पण तक्रारीच्या सुरात नाही. ‘काका, हौद एकदा रिकामा करून घासून घेऊ या का? आमची पोरं मदतीला येतील,’ असं म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. यात घासणं महत्त्वाचं. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर पुढच्या भरण्याला ती फुटतात.

४. दिवेलागणीआधी अर्धा तास

गुहागरकडे आम्ही ज्या घरी उतरतो, तिथल्या काकू ऊन कलायला लागलं की अंगणातूनच हाक देतात, ‘ताई, खिडक्या लावून घ्या हां, मग बसा बाहेर.’ सगळ्या सल्ल्यांत हा सल्ला सोन्याचा. बाहेर बसायला कुणाची हरकत नाही. आपण बाहेर बसलेले असताना खोली सताड उघडी नको. डास एकदा आत शिरला की पडद्यामागे, पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांत दबा धरून बसतो आणि दिवे मालवल्यावर बाहेर येतो.

इथे एक गैरसमज हमखास निघतो: ‘दिवा बंद कर, डास येतील.’ दिव्यावर येतात ते पाखरं आणि किडे. डास येतो आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर आणि अंगाच्या वासाच्या व उबेच्या ओढीने. म्हणजे अंधारात बसूनही आपण त्याला सापडतोच. झोपण्याआधी खुंटीवरचे कपडे झटकावेत, पडदे हलवावेत आणि विजेची रॅकेट एकदा पलंगाखाली फिरवून घ्यावी.

५. मच्छरदाणी बांधणं ही कला आहे

माझ्या बॅगेत मच्छरदाणीसोबत चार लांब नाड्या, सेफ्टी पिनांचा जुडगा आणि चिकटपट्टी असते. परक्या खोलीत चार खिळे चार कोपऱ्यांत मिळणं अशक्यच. एक नाडी खिडकीच्या गजाला, दुसरी पडद्याच्या दांडीला, तिसरी कपड्यांच्या खुंटीला आणि चौथी दाराच्या कडीला, असं जमवावं लागतं. दाराची कडी शक्यतो टाळावी, कारण रात्री कुणीतरी उठतं, दार उघडतं आणि अख्खा तंबू अंगावर येतो.

बांधून झाली की आत शिरायचं, खोलीतला दिवा घालवायचा आणि टॉर्च कापडाच्या जवळून फिरवायचा. भोकं तेव्हाच नजरेला पडतात. लहान भोकाला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी, मोठ्याला चुणी घालून पिन. मग कडा गादीखाली चारही बाजूंनी घट्ट खोचायच्या. जमिनीपर्यंत नुसती सोडलेली मच्छरदाणी दिसायला छान दिसते, पण खालून वाट मोकळीच राहते. शेवटचं म्हणजे लहान मुलाला मधे झोपवायचं. झोपेत त्याचं कोपर किंवा गुडघा जाळीला टेकलं की डास बाहेर बसूनच आपलं काम उरकतो. मोठ्यांनाही तेच लागू, म्हणून मच्छरदाणी पलंगापेक्षा ऐसपैस असावी.

कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्याही मिळतात. जाळीवर टेकलेला डास त्यामुळे मरतो. जंगलभागात जायचं असेल तर तीच घ्यावी.

६. पंखा सोडू नका

डास हा कमकुवत उडणारा प्राणी. पंख्याच्या झोतात त्याला धड उडता येत नाही, शिवाय आपल्या श्वासाचा आणि अंगाचा माग वाऱ्यावर विखुरतो. पडवीत जेवायला बसताना टेबलफॅन मागून घ्या आणि तो पायांकडे वळवा, कारण एडिसला घोटे फार प्रिय. पण पंखा विजेवर चालतो, आणि कोकणात वारं सुटलं की लाइट जाते. तेव्हा उरते ती मच्छरदाणीच.

७. कपडे अंगाला चिकटणारे नकोत

पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा, सैल पायजमा आणि मोजे. अंगाला घट्ट बसणाऱ्या लेगिंगमधून डास आरामात चावतो, हे माझ्या भाचीला कुणी सांगून पटलं नव्हतं, एका संध्याकाळी मांड्यांवर उठलेल्या गांध्यांनी पटवलं. रंग फिके असावेत. काळ्या आणि लालभडक रंगांकडे एडिस जास्त वळतो. हे कपडे बॅगेच्या तळाशी ठेवायचे नाहीत. संध्याकाळी किनाऱ्यावरून परतायला उशीर होतोच, म्हणून एक जोड हाताशी, खांद्यावरच्या पिशवीत हवा.

८. मलमाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचा

डीट हे रसायन अमेरिकी लष्करासाठी १९४६ साली तयार झालं, आणि अजूनही भरवशाच्या औषधांत त्याचं नाव वरचं आहे. पिकारिडिनही चांगलं. टक्केवारी जास्त म्हणजे औषध जास्त जहाल, असं नसतं. टक्केवारीवरून ते किती वेळ टिकेल हे ठरतं, आणि साधारण ५० टक्क्यांच्या पुढे तोही फायदा वाढत नाही. घाम आला, पोहून आलात, टॉवेलने अंग पुसलंत, की पुन्हा लावायचं.

क्रम लक्षात ठेवा: आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वर मलम. कपड्यांच्या आतल्या त्वचेला लावायची गरज नाही. मुलांच्या तोंडाला लावताना आधी स्वतःच्या हातावर घ्यायचं आणि मग फिरवायचं. त्यांच्या तळहातांना मात्र लावायचं नाही, ते तोंडात जातात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डीट नाही, तीन वर्षांच्या आतल्या मुलाला लेमन युकॅलिप्टसचं तेल नाही. तान्ह्या बाळाला मच्छरदाणीच खरी. आणि डीट प्लॅस्टिक खराब करतं, तेव्हा चष्मा आणि घड्याळ जपा.

९. करामतींवर पैसे घालवू नका

माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून डास पळवणारं यंत्र आणि त्याचं मोबाइल अ‍ॅप, दोन्हींचा उपयोग शून्य. निळ्या दिव्याच्या सापळ्यात बिचारे निरुपद्रवी किडेच जास्त मरतात. लसूण खाल्ल्याने किंवा ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी डास दूर राहत नाहीत. सुगंधी पट्टा मनगटात घातला तर त्याचा वास घोट्यापर्यंत पोचत नाही. सिट्रोनेलाच्या तेलाचा परिणाम होतो, पण थोडाच वेळ. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर अंगणात करायला माझी ना नाही. पण अगरबत्ती असो की कॉइल, बंद खोलीत रात्रभर जाळायची नाही. डासापेक्षा आपल्याच छातीला त्रास जास्त.

१०. कुलूप लावण्याआधी घराची फेरी

अंड्यापासून उडता डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे आपल्या एका सहलीएवढेच. म्हणून निघायच्या दिवशी बादल्या, पिंपं उपडी करायची. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, कूलर आणि फुलदाणी रिकामी करायची. कमोडचं झाकण लावायचं, गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट आहे ना ते पाहायचं. आरोग्य विभाग आठवड्याला एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो, तोच आपण निघण्याच्या दिवशी पाळायचा. नाहीतर दमूनभागून घरी यावं आणि दारातच स्वागताला थवा उभा असावा.

११. ताप आला तर सहल लपवू नका

एवढं करूनही चावतात. गांधीवर बर्फ किंवा कॅलामाइन लावावं, नखं लावू नयेत. खरी काळजी परतल्यानंतरची. डेंग्यूचा ताप चावल्यापासून साधारण चार ते दहा दिवसांत येतो. मलेरियाला किमान आठवडा लागतो, पण त्याचा व्हायव्हॅक्स हा प्रकार यकृतात लपून महिन्यांनीही उठतो. त्यामुळे ‘सहल होऊन दोन महिने झाले, त्याचा काय संबंध?’ असं म्हणू नये.

तापासाठी पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका, डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो, असंही नसतं. धोक्याचे एक-दोन दिवस नेमके त्यानंतरच सुरू होतात. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर घरी थांबायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

दवाखान्यात गर्दी असते आणि डॉक्टरांना विचारायला सुचेलच असं नाही. तुम्हीच तोंड उघडताना पहिलं वाक्य सहलीचं बोला: कुठे गेलो होतो आणि कधी परतलो. कुठली रक्ततपासणी आधी करायची, हे त्या एका वाक्यावर ठरतं.