नव्या चित्राला हात लावण्याआधी

खोपोलीहून कर्जतमार्गे मुंबई गाठायची आणि एका संग्रहालयाच्या संवर्धन विभागात शिकाऊ म्हणून उभं राहायचं, अशी माझी सुरुवातीची वर्षं गेली. माझ्या वाट्याला आली ती स्वातंत्र्यानंतरची चित्रं. या कामात येऊ पाहणाऱ्या रायगडातल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे.

1. जुनं चित्र नाजूक आणि नवं धडधाकट, हा समज आधी सोडा.
जुन्या तैलचित्रावर बहुधा वॉर्निशचा थर असतो. धूळ-धूर त्यावर बसतो आणि खालच्या रंगाला फारसा धक्का न लावता तो थर काढता येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक चित्रकारांनी वॉर्निश लावलंच नाही, त्यांना ती चकाकी नको होती. त्यामुळे मळ थेट रंगावर. त्यातून ॲक्रिलिक असेल तर काम आणखी अवघड. मुंबईच्या उकाड्यात ते वाळल्यानंतरही किंचित मऊच राहतं आणि धूळ त्यात रुतते. पाण्याने फुगतं, ॲसिटोनने विरघळतं. रंग बनवताना घातलेली साबणासारखी द्रव्यं हळूहळू पृष्ठभागावर येतात. ती पुसावीत की राहू द्यावीत, यावर जाणकारांत अजून एकमत नाही. तैलरंगातही झिंक व्हाइट असेल तर सावध राहा. जस्त आणि तेलातली आम्लं यांच्या संयोगाने रंग ठिसूळ होतो, थर सुटू लागतात.

2. चित्रकाराचं सामान ओळखा.
आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण देते. प्रभाकर बरवे यांचा जन्म 1936चा, अलिबागजवळच्या नागावचा. त्यांनी कॅनव्हासवर एनॅमल वापरलं, म्हणजे दारं-खिडक्या रंगवण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या जातीचा रंग. त्याची ती सपाट, गुळगुळीत कांती त्यांच्या चित्रातल्या मोकळ्या अवकाशाचा भागच आहे. हा रंग वरून आधी वाळतो, जाड लागला तर सुरकुततो आणि जुना झाला की कडक होतो. कॅनव्हास मात्र हवेबरोबर ताणला जातो, सैलावतो. अशा चित्राकडे तैलचित्र समजून गेलात तर निदानच चुकेल. उलट चित्रकार गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन थरावर थर चढवत, खरवडत. तिथे खरवडलेली जागा म्हणजे इजा नव्हे, तीच चित्रकाराची कृती. हे फरक कळायला तिरप्या प्रकाशात चित्र निरखायला शिका. एका बाजूने दिवा धरला की प्रत्येक उंचवटा, सुटू पाहणारा प्रत्येक पोपडा दिसतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 2011पासून जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे. तिथे नुसतं पाहत फिरणं हाही अभ्यासच.

3. कापसाचा बोळा स्वतः वळा.
बांबूच्या काडीवर कापूस गुंडाळायचा, तो फिरवायचा, घासायचा नाही. आधी कडेला, अगदी छोट्या जागेवर चाचणी. बोळ्यावर मळाऐवजी रंग दिसला की थांबायचं. संवर्धन विभागातल्या आमच्या मॅडम सांगत, मळ निघत नाही म्हणून जोर वाढवायचा नसतो, द्रावण बदलायचं असतं.

4. आपला पाऊस ही आपली शिदोरी आहे.
खोपोली घाटाच्या पायथ्याशी. वरच्या लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खाली आणून टाटांनी 1915मध्ये इथे वीज सुरू केली, इतका इथला पाऊस! जुलैत भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी धरते. हे लहानपणापासून पाहिलेल्या मुलीला सापेक्ष आर्द्रता हा शब्द पाठ करावा लागत नाही. साधारण सत्तर टक्क्यांच्या वर हवा दमट राहिली की चित्रावरही बुरशी धरते. कॅनव्हासचं सरस, रंगातलं तेल आणि साचलेली धूळ हेच तिचं खाद्य. असं चित्र आढळलं तर ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हातही ठेवू नका. मास्क लावा, ते इतरांपासून वेगळं करा, हळूहळू सुकू द्या आणि मगच मऊ ब्रश व बारीक गाळणीचा व्हॅक्यूम वापरा. घरी पाऊस झोडपतो त्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावूच नका. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. वर्गात कुणी शिकवण्याआधी हे मला आमच्या घराने शिकवलं होतं.

5. ॲक्रिलिकला बबलरॅप टेकवू नका.
उकाड्यात त्याचे गोल ठसे रंगावर उमटतात. मध्ये सिलिकॉन कागद हवाच.

6. चित्रकार हयात असेल तर विचारा.
कोणती कंपनी, काय मिसळलं, पिवळेपणा चालेल का, सगळं लिहून घ्या. मात्र चित्रकार म्हणाला, 'द्या, मीच पुन्हा रंगवतो,' तर ब्रश त्याच्या हाती द्यायचा नाही, असं माझं ठाम मत आहे. आज नवं चढवलं की तेव्हाचं चित्र गेलं. आणि मालक म्हणेल तेच खरं, असंही नाही. दिल्लीतल्या सरकारी विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प 1979मध्ये काढून ठेवलं गेलं, त्यात त्याची हानी झाली. 2005मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कलावंताला परत द्यायला लावलं आणि पाच लाखांची भरपाईही ठरवली. कलावंताचा हा हक्क सांगणारं कॉपीराइट कायद्याचं कलम 57 प्रत्येक शिकाऊ संवर्धकाने वाचावं.

7. रसायनशास्त्र सोडू नका आणि नमुने करा.
नोएडात, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संस्थेतून पुढे आलेल्या संस्थेत, संवर्धनाचा अभ्यासक्रम आहे, लखनऊला 1976पासून राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे. प्रवेश मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. कॅनव्हासचे तुकडे घ्या, एकावर ॲक्रिलिक, एकावर एनॅमल, एकावर तैलरंग लावा. मागे तारीख, कंपनी आणि थर किती ते लिहा. एक संच खिडकीपाशी, एक बंद कपाटात, एक माळ्यावर ठेवा. माझ्या संचातला कपाटातला पांढरा एनॅमल खिडकीजवळच्यापेक्षा जास्त पिवळा पडला, कारण असे रंग अंधारात पिवळे पडतात. ॲक्रिलिकला शेजारचा वर्तमानपत्राचा कागद चिकटून बसला. तो सोडवण्याचा सराव मी त्याच तुकड्यावर केला, कुणाच्या चित्रावर नाही.