अरीय एंजिन : सात जणांचा फेर
(इयत्ता सातवी : सामान्य विज्ञान)

उद्देश : हवेने थंड होणाऱ्या विमान-एंजिनाची रचना विद्यार्थ्यांस कृतीतून समजावून देणे व त्यातील सिलिंडरांची संख्या विषम का असते, हे त्यांचे त्यांना शोधून काढावयास लावणे.

साहित्य : गरम भात, खोल भांडे, परात, खडू व शाळेचे अंगण.

प्रस्तावना : मावळातील मुलास बोरघाट नवा नाही. या घाटातील लोहमार्गाचे बोगदे १९२० नंतरच्या दशकात ज्यांच्या कंपनीने खोदले, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनीच पुढे डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगलोर येथे विमानांचा कारखाना काढला. १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. या कारखान्यात १९४१ मध्ये प्रथम जुळविलेले विमान म्हणजे ‘हार्लो’ नावाचे दोन आसनांचे शिकाऊ विमान होय. त्याचे भाग अमेरिकेतून आले होते. त्याच्या नाकाशी ‘वॉर्नर सुपर स्कॅरब’ हे सात सिलिंडरांचे एंजिन होते. प्रस्तुत पाठ त्या प्रकारच्या एंजिनाविषयी आहे.

विषयविवेचन :

(१) रचना. फळ्यावर बैलगाडीचे चाक काढावे. तुंब्यापासून जसे आरे चहूकडे निघतात, तशी या एंजिनाची सिलिंडरे मध्यापासून वर्तुळाकार मांडलेली असतात. म्हणून यास ‘अरीय’ एंजिन म्हणतात. प्रत्येक सिलिंडरात एक दट्ट्या खालीवर सरकतो. एका दट्ट्याचा दांडा मुख्य असून उरलेल्या सहांचे दांडे त्यास जोडलेले असतात. मुख्य दांडा मधला क्रँक फिरवितो व क्रँकबरोबर पंखा फिरतो.

(२) थंड राहणे. पूर्वी घाट चढून आलेल्या मोटारीतील पाणी उकळे आणि चालकास थांबून नवे पाणी ओतावे लागे. विमानात पाण्याचे ओझे शक्य तो नकोच असते. सारखाच गरम भात थोडा खोल भांड्यात व थोडा परातीत पसरून ठेवावा. परातीतला आधी निवतो, कारण त्यास अधिक हवा लागते. याच कारणास्तव सिलिंडरावर बाहेरून धातूच्या पातळ पात्या एकापुढे एक काढलेल्या असतात. उड्डाणात समोरून येणारा वारा त्यांतून वाहतो व उष्णता घेऊन जातो. विमान जागेवर उभे ठेवून एंजिन फार वेळ चालविले तर ते तापते, याचे कारण मुलांकडूनच काढून घ्यावे.

(३) फेर. सिलिंडरात चार क्रिया क्रमाने घडतात : हवा व पेट्रोलची वाफ आत घेणे, ती दाबणे, ठिणगीने पेटविणे व धूर बाहेर टाकणे. यास क्रँकचे दोन फेरे लागतात. दट्ट्या दोनदा टोकाशी येतो : एकदा पेट घेण्यासाठी, एकदा धूर सोडून झाल्यावर.

आता सात मुलांस फेर धरून उभे करावे. पहिल्याने ‘पेट’ म्हणावे, दुसऱ्याने ‘धूर’, तिसऱ्याने ‘पेट’. असे न थांबता दोन फेरे म्हणावे. एक, तीन, पाच, सात, दोन, चार, सहा या क्रमाने प्रत्येकाच्या वाट्यास ‘पेट’ एकदाच येतो. नंतर एका मुलास बाजूस घेऊन सहांचा फेर करावा. दोन, चार व सहा क्रमांकाची मुले कितीही फेरे झाले तरी ‘धूर’च म्हणत राहतात! एका रांगेतील सिलिंडरांची संख्या सम असती, तर सर्वांस सारख्या अंतराने पेट देता आला नसता व एंजिनास हिसके बसले असते. विषम संख्येचे रहस्य ते हेच.

एखादा चौकस विद्यार्थी डाकोटा विमानाच्या एंजिनात चौदा सिलिंडरे असतात, असे म्हणेल. त्यास शाबासकी द्यावी व त्या सातसातांच्या दोन रांगा असतात, हे सांगावे.

(४) निगा. एंजिन बंद असता तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. तसेच सुरू केल्यास दांडा वाकण्याचे भय असते; म्हणून आधी पंखा हाताने सावकाश फिरवून पाहतात.

स्वाध्याय : (अ) पाच व नऊ सिलिंडरांचा पेटण्याचा क्रम लिहा. (आ) आठांच्या फेरात कोणास ‘पेट’ मिळणार नाही? (इ) घरातील कोणत्या वस्तू हवा लागावी म्हणून पसरून ठेवतात?

शिक्षकांस सूचना : सहांच्या फेरात जी तीन मुले कोरडी राहिली, त्यांचे चेहरे पाहावेत. वर्गात एकाआड एक प्रश्न विचारण्याची सवय पुष्कळांस असते. मुलांची संख्या सम असली, की दररोज तीच मुले सुटतात आणि त्यांस काही येत नाही, असा समज होतो. दोष त्या मुलांचा नसून क्रमाचा असतो. तो क्रम बदलणे शिक्षकाच्या हाती आहे.