विमा ब्रोकर व्हायचंय? आधी खर्चाचा हिशेब मांडा

‘ब्रोकर लायसन्स काढून देतो’ अशी जाहिरात दिसली की आधी विचारा: लायसन्स निघणार कुणाच्या नावावर? आपल्याकडे विमा ब्रोकर म्हणून एकट्या व्यक्तीची नोंदणी होत नाही. ती कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) किंवा सहकारी संस्थेची होते. व्यक्तीला मिळतं ते प्रशिक्षण आणि परीक्षा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. त्यामुळे खिशातून पैसे काढण्याआधी आपल्याला कोणत्या पायरीवर उभं राहायचंय, हे ठरवा.

पहिली पायरी: पीओएसपी (पॉइंट ऑफ सेल्स पर्सन, म्हणजे कंपनीसाठी पॉलिसी विकणारी व्यक्ती)

दहावी उत्तीर्ण, पॅन आणि आधार एवढ्यावर सुरुवात होते. १५ तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा विमा कंपनी किंवा ब्रोकर कंपनी स्वतःच घेते. तुम्ही आणलेल्या प्रत्येक पॉलिसीवर तुमचा पॅन किंवा आधार क्रमांक जोडला जातो, म्हणजे काम कुणी केलं याची नोंद राहते. अनेक कंपन्या हे सगळं मोफत करून देतात. कुणी हजारो रुपयांची ‘जॉइनिंग फी’ मागत असेल, तर दुसरं दार ठोठावा. शक्यतो ब्रोकर कंपनीकडे नाव नोंदवा, कारण तिथे एकाहून अधिक विमा कंपन्यांच्या पॉलिसी हाताळायला मिळतात.

दुसरी पायरी: ब्रोकर परीक्षा

यासाठी पदवी हवी. मान्यताप्राप्त संस्थेत ५० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि मग पुण्याच्या बालेवाडीतील राष्ट्रीय विमा अकादमीची परीक्षा द्यायची. भारतीय विमा संस्थेची असोसिएट किंवा फेलो पदवी असेल, तर २५ तासांचं प्रशिक्षण पुरतं.

संस्थेकडून दर लेखी घ्या आणि त्यात या गोष्टी वेगवेगळ्या दाखवायला सांगा: प्रशिक्षण शुल्क, त्यावरचा जीएसटी, परीक्षा शुल्क, अभ्याससाहित्य, नापास झाल्यास पुन्हा बसण्याचं शुल्क. बाहेरगावहून येणाऱ्यांनी राहणं, जेवण आणि बुडालेली रोजची कमाईही धरावी. नोकरी ब्रोकर कंपनीतच असेल, तर हा खर्च कंपनी उचलते का, हे आधी विचारा.

तिसरी पायरी: स्वतःची ब्रोकर कंपनी

नियामक ‘इर्डाई’च्या २०१८च्या विनियमांनुसार थेट ब्रोकरसाठीचे आकडे असे:

- किमान भांडवल: ७५ लाख रुपये
- अर्ज शुल्क: २५ हजार रुपये, अधिक कर (परत मिळत नाही)
- नोंदणी शुल्क: ५० हजार रुपये, अधिक कर
- बँकेत मुदत ठेव: १० लाख रुपये (नियामकाच्या परवानगीशिवाय मोडता येत नाही)

पुनर्विमा (विमा कंपन्यांचा विमा) ब्रोकरला ४ कोटी आणि संमिश्र (दोन्ही कामं करणाऱ्या) ब्रोकरला ५ कोटींचं भांडवल लागतं.

खरी मेख पुढे आहे. थेट ब्रोकरचं नक्त मूल्य कधीही ५० लाखांखाली जाता कामा नये. म्हणजे ७५ लाख उभे केले, तरी धंदा रुळेपर्यंतचा तोटा सोसायला हाताशी असतात फक्त २५ लाख. त्यातून जागेचं भाडं, प्रधान अधिकारी, त्याशिवाय किमान दोन पात्र माणसांचे पगार आणि व्यावसायिक दायित्व विम्याचा हप्ता भागवायचा. पहिल्या वर्षी कमिशन तुटपुंजं राहिलं, तर ही रक्कम बघता बघता संपते.

मग करायचं काय?

एजंट कंपनीचा माणूस असतो, ब्रोकर ग्राहकाचा. दावा अडकला की ग्राहकाच्या बाजूने कागद घेऊन उभं राहणं, हे ब्रोकरचं खरं काम, आणि ते पुस्तकातून येत नाही. म्हणून पदवीधरांनी आधी परीक्षा द्यावी, काही वर्षं चांगल्या ब्रोकर कंपनीत दावे हाताळावेत आणि मगच भांडवलाच्या गोष्टी कराव्यात. ज्यांची पदवी झालेली नाही, त्यांनी पीओएसपीपासून सुरुवात करून शिक्षण पूर्ण करावं. पैसे भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता आणि चालू शुल्क ‘इर्डाई’च्या संकेतस्थळावर तपासा, आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्या.